मिड दर वेळी चिखल का होतो: पेटी, कूलर आणि दहा बाय अकराची खोली

घरी कॉम्प्युटरवर गाणी बनवतो, त्यात पाठोपाठ तीन ट्रॅकमध्ये मिडची, म्हणजे मधल्या पट्टीतल्या आवाजांची, सेम भानगड झाली म्हणून आता सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी मलाही शोधायला बरं आणि तुमच्यातला कोणी याच खड्ड्यात पडला असेल तर त्यालाही. भानगड अशी की घरी रात्री दीड वाजता ट्रॅक एकदम झकास वाजतो, एक्स्पोर्ट मारून झोपतो, सकाळी मित्राच्या गाडीत लावला की लीड (मुख्य चाल) रजईखालून आल्यासारखा, क्लॅप (टाळीचा ठोका) गायब, आणि मधात कुठेतरी एक 'होंऽऽ' असा आवाज जो नेमका कशाचा हेच कळत नाही. मग घरी येऊन इक्यू (पट्टीनुसार आवाज कमी-जास्त करायचं टूल) उघडायचा, ३०० हर्ट्झला कापायचं, ३ के ला (३००० हर्ट्झ) चढवायचं, परत गाडीत जायचं तर आता कानात सुई टोचल्यासारखं. मग ३ के खाली, मग लीड परत दबला. असं करत करत एका फाइलचं नाव 'फायनल १४' पर्यंत गेलं होतं.

सेटअप सांगतो म्हणजे कुठल्या परिस्थितीत बोलून राहिलो ते कळेल. नागपुरात मानेवाड्याकडे घर, वरचा मजला, दहा बाय अकरा फुटांची खोली, खाली टाइल्स, वर थेट स्लॅब. रीपर (गाणं बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतो, ५ इंची मॉनिटरची (स्टुडिओ स्पीकरची) जोडी आहे, एक बंद कपांचा हेडफोन, सिंथ (आवाज तयार करणारं वाद्य) म्हणून कॉम्प्युटरवरचा व्हायटल. १२४ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपासचं हाऊस, म्हणजे नाचायचं संगीत, बनवतो आणि या वेळच्या ट्रॅकमध्ये शेजारच्या काकांच्या भजन मंडळातली पेटी आणि खंजिरी आहे, फोनवर रेकॉर्ड केलेली (विचारून केली, ते आधीच सांगतो). आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी लहानपणापासून कानात बसलेली असते, तिच्याखाली सरळ चार ठोक्यांचा किक (बेस ड्रमचा ठोका) टाकला की जाम भारी बसतं. बसतं म्हणजे, बसायला पाहिजे होतं.

मिड मिड म्हणतो ते साधारण २०० हर्ट्झपासून ४-५ किलोहर्ट्झपर्यंत. यात सगळंच येतं, माणसाचा आवाज, पेटी, सिंथचा जीव, स्नेअरचा ठोका, बेसचा जो भाग फोनवर ऐकू येतो तो सुद्धा. आणि बिघाडाचे प्रकार वेगवेगळे असतात, सगळ्यालाच 'मड्डी' म्हणून चालत नाही. २०० ते ४०० मध्ये गर्दी झाली की चिखल, ४०० ते ७०० मध्ये झाली की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, ८०० ते दीड के मध्ये नाकातून गायल्यासारखं, आणि अडीच ते चार के मध्ये कर्कश. तो शेवटचा पट्टा सगळ्यात नाजूक, कारण आपल्या कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब असते आणि तिचा स्वतःचाच अनुनाद ३ के च्या जवळपास येतो, म्हणजे तिथे एक डेसिबल (डीबी) वाढवला तरी कान लगेच ओरडतो. हे आकडे काही दगडावरची रेघ नाही पण शोधाला सुरुवात करायला पुरतात.

इक्यूला हात लावण्याआधी एक काम करा, मी हे तीन ट्रॅक वाया घालवून शिकलो. तोच एक्स्पोर्ट हेडफोनवर, मॉनिटरवर आणि फोनच्या स्पीकरवर ऐका, मधात काहीही न बदलता. तिन्हीकडे सारखाच गढूळ असेल तर दोष गाण्यातच आहे, म्हणजे अरेंजमेंट (कोण कधी, कुठल्या पट्टीत वाजतं) आणि लेव्हल. मॉनिटरवर छान आणि हेडफोन-फोन दोन्हीकडे गढूळ, तर खोली तुम्हाला फसवून राहिली आहे. आणि रात्री सगळीकडे छान वाटलं, सकाळी सगळीकडे वाईट, तर दोष ऐकण्याच्या आवाजाचा, थकलेल्या कानाचा किंवा, आमच्याकडे तरी, कूलरचा. माझ्याकडे तिन्ही एकदम होते म्हणून इतके दिवस पकडीत येत नव्हतं, एक दुरुस्त केलं की दुसरं डोकं वर काढायचं.

गाण्यातला दोष

पेटीवाल्या काकांना ट्रॅक ऐकवला होता. त्यांना किक वगैरे काही झेपलं नाही, पण दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "अरे, हे सगळे एकाच सप्तकात बसून काहून भांडून राहिले?" मी हसलो. घरी येऊन प्रोजेक्ट उघडून एकेका वाद्याच्या नोट्स पाहिल्या आणि हसू गेलं.

ट्रॅक काळी एकमध्ये. पेटीचा सा म्हणजे २७७ हर्ट्झ, आणि काकांची पेटी खर्ज-नर आहे, त्यामुळे एक पट्टी दाबली की खालचा १३९ पण आपोआप वाजतो. त्याच्यावर मी काय टाकलं होतं, तर सात नोटांचा सुपरसॉ पॅड (मागे भरून राहणारा लांब आवाज), १३९ पासून सुरू होऊन ४९४ पर्यंत. त्यातल्या प्रत्येक नोटेला सात-सात करवती लाटा, थोड्या थोड्या बेसूर केलेल्या. (ही सात करवतींची युक्ती १९९६ च्या रोलँड जेपी-८००० मधली, एकट्याने वाजवली की राजासारखी वाटते, अडचण तिथेच आहे.) मग एक प्लक (तार छेडल्यासारखा तुटक आवाज), तोही २७७ ते ५५४ मध्ये. व्होकल चॉप (गायलेल्या आवाजाचे कापलेले तुकडे), त्याचा मूळ स्वर २५० ते ४०० च्या दरम्यान. बेसचे दुसरे-तिसरे-चौथे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) परत तिथेच. पाच वाद्यं, दोन सप्तकं. संध्याकाळी बर्डीच्या चौकात सगळे एकाच वेळी हॉर्न वाजवतात तसं, आणि मी तिथे इक्यू घेऊन कोणाचा हॉर्न थोडा बारीक करू ते शोधत होतो.

कानाचं गणित असं आहे की जवळजवळच्या पट्टीत दोन आवाज आले की मोठा लहानाला झाकतो, आणि त्यातही खालचा आवाज वरच्याला जास्त झाकतो, वरचा खालच्याला तितका नाही. म्हणून पॅड थोडासा जरी जोरात असला तरी त्याच्या वरचं सगळं मंद होतं आणि आपल्याला वाटतं लीडमध्ये दम नाही. लीडला वाढवायचं, मग पॅड कमी वाटतो, पॅडला वाढवायचं, आणि लाल दिवा लागेपर्यंत हेच.

दुरुस्ती इक्यूशिवाय झाली. पॅडमधून मूळ स्वर काढला, बेस वाजवतोच आहे तो, पाचवा पण काढला, उरले दोनच स्वर, तिसरा आणि सातवा, म्हणजे ई आणि बी, आणि ते एक सप्तक वर नेले, ६५९ आणि ९८८ वर. सात नोटांचे दोन झाले आणि पॅड उलट मोठा वाटायला लागला, बाप्पा, पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. कॉर्ड कुठलाच हरवला नाही कारण कान बेसपासून हिशेब जोडून घेतो. प्लक आणि व्होकल चॉप एकत्र वाजत होते ते सवाल-जवाब केले, चॉप दोन मात्रा, मग प्लक दोन मात्रा. तबल्याचा आणि ढोलकीचा सवाल-जवाब आपण ऐकत आलोय ना, तिथे कोणी मधात तोंड घालत नाही, मग आपल्या सिंथनेच का घालावं.

आणि एक चाचणी जी आता मी दर ट्रॅकला करतो. पूर्ण गाणं वाजू द्या आणि एकेका वाद्याचा ट्रॅक म्यूट करत जा, पाच-पाच सेकंद. ज्याला म्यूट केल्यावर काहीच कमी झाल्यासारखं वाटलं नाही, तो ट्रॅक डिलीट. जिवावर येतं, माहिती आहे, त्या टेक्स्चरच्या लेयरवर अख्खा रविवार गेलेला असतो. तरी डिलीट. माझ्या प्रोजेक्टमध्ये असे चार निघाले आणि त्यातले तीन ३०० हर्ट्झच्या आसपास नुसते बसून होते.

लेव्हल, आणि लँडलाइनवाला जुगाड

अरेंजमेंट मोकळी झाल्यावर सगळे फेडर खाली, आणि परत शून्यातून बॅलन्स. इथे एक जुगाड आहे. मास्टरवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात) एक इक्यू टाका, ३०० च्या खालचं सगळं उडवा, ३ के च्या वरचं सगळं उडवा, उतार २४ डीबी पर ऑक्टेव्ह तरी हवा, आणि वर मोनो (डावं-उजवं एकत्र) करा. जुन्या लँडलाइन फोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झच होता, म्हणजे तुम्ही आता आपलं गाणं आजोबांच्या काळ्या फोनवर ऐकताय असं समजा. एकदम भिकार वाजेल, वाजू द्या. आता आवाज कमी करा, इतका की बाजूला कोणी बोललं तर त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू यावं, आणि या भिकार आवाजात बॅलन्स जमवा. पेटी कळतेय का, चॉपचे शब्द कळताहेत का, किकचा 'टक्' तरी येतोय का. इथे जमलं की इक्यू काढून टाका. बेस आणि झांजा परत आल्यावर मिक्स एकदम उघडतो आणि मिड हललेले नसतात.

मोठ्या स्टुडिओत छोटे मिडवाले स्पीकर याच कामाला ठेवतात. यामाहाचा तो पांढऱ्या कोनवाला एनएस-१०, १९७८ चा, काही गोड वाजत नव्हता, मिड पुढे काढून तोंडावर मारायचा, पण त्याच्यावर जमलेला मिक्स बाहेर कुठेही टिकतो असं म्हणून लोक तो वर्षानुवर्षं मिक्सरच्या वर मांडून बसले. आपल्याकडे तो नाही म्हणून काय झालं, इक्यूचे दोन फिल्टर आणि मोनोचं बटण आहे.

मोनोवरून आठवलं. मित्राचा डीजे साउंडचा धंदा आहे, लग्न, गणपती, मिरवणुका. त्याच्या गोडाऊनमध्ये ट्रॅक लावला होता. तो पहिल्याच ड्रॉपला (बीट जोरात सुटते तिथे) म्हणे, "मिड फाटून राहिला बे, आणि तुझा तो पॅड कुठाय?" पॅड खरंच नव्हता. सिस्टिम मोनोत चालते, आणि मी पॅडवर स्टिरिओ रुंद करणारा प्लगइन पूर्ण ताणला होता, डावी-उजवी बाजू एकमेकांच्या उलट फेजमध्ये गेलेली, जोडल्यावर दोघं एकमेकांना खाऊन मोकळे. हेडफोनवर तोच पॅड डोक्याच्या मागून येत होता आणि मी खूश होतो. आता रुंदी अर्ध्याच्या खाली ठेवतो आणि मधलं काही महत्त्वाचं असेल तर ते मधातच ठेवतो. 'मिड फाटणं' हे वेगळं प्रकरण होतं, मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा प्लगइन) मी सात-आठ डीबी दाबला होता, त्याने जे नवीन हार्मोनिक तयार केले ते अडीच-तीन के ला जाऊन बसले आणि मित्राच्या सिस्टिममधल्या वरच्या स्पीकरचे हॉर्न त्याच पट्ट्यात सगळ्यात जास्त बोलतात. लिमिटर ३ डीबीवर आणला, कर्कशपणा अर्धा तिथेच संपला.

खोली

खोलीचा विषय निघाला की सगळे बेसवर बोलतात, लहान खोलीत बेस खराब असतोच, पण मिडला मारणाऱ्या दोन गोष्टी बहुतेकांच्या टेबलावरच असतात.

पहिली, स्पीकरच्या मागची भिंत. स्पीकरमधून निघालेला आवाज मागे जाऊन भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला सरळ आवाजाला रद्द करतो. हिशेब सोपा: ध्वनीचा वेग ३४३ मीटर सेकंदाला, त्याला स्पीकरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने भागा. माझं अंतर ४० सेंटिमीटर होतं, ३४३ भागिले १.६, म्हणजे २१४ हर्ट्झ. तिथे खड्डा. मी ऐकत होतो, वाटायचं पॅड पातळ आहे, ऊब नाही, मग २०० ते २५० ला दोन-तीन डीबी चढवायचो. मॉनिटरवर खड्डा भरायचा आणि गाडीत डोंगर व्हायचा. तो 'होंऽऽ' आवाज म्हणजे हाच होता, मीच टाकलेला!

दुसरी, टेबल. स्पीकर टेबलावर ठेवले की टेबलाच्या पाटावरून परावर्तन कानात येतं, थोडं उशिरा. सरळ रस्ता आणि टेबलावरून येणारा रस्ता यांत २५ सेंटिमीटरचा फरक असेल तर ६८६ हर्ट्झच्या आसपास खड्डा, आणि पुढे वर एकाआड एक खड्डे-उंचवटे, कंगव्यासारखे. डोकं चार बोटं पुढे नेलं तर आवाज बदलतो? मग हेच आहे.

तपासायला रीपरमध्ये टोन जनरेटर लावून १५० पासून ८०० पर्यंत हळूहळू वर जा, आपल्या खुर्चीवर बसून. कुठे आवाज एकदम पडतो आणि कुठे एकदम अंगावर येतो ते कागदावर लिहा. मापाचा माइक असेल तर रूम इक्यू विझार्ड फुकट आहे, पण कागद-पेनानेही काम भागतं. आणि खड्डा इक्यूने भरायला जाऊ नका, तिथे जितकं ओताल तितकं रद्द होत जातं, मॉनिटरवर फक्त लोड येतो.

उपाय म्हणाल तर स्पीकर मागे सरकवून तोंड २८ सेंटिमीटरवर आणलं, त्याने खड्डा ३०० च्या वर गेला, आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीपाशी कापसाची गादी उभी केली. विदर्भात राहून फोम काहून विकत घ्यायचा? घरात जुनी गादी होती, पिंजून घेतली, चार इंच जाड, भिंतीपासून चार इंच सोडून उभी. नुसती चिकटवली तर ती ८००-९०० च्या वर नीट काम करते, मागे तेवढीच हवा सोडली की ४००-४५० पर्यंत उतरते आणि त्याच्या खाली पण थोडंफार ओढते. तिच्या शेजारी दोन उघडी कपाटं, कपड्यांनी भरलेली. स्पीकरखाली दोन-दोन विटा, पुढून किंचित उचलून, म्हणजे टेबलाऐवजी आवाज सरळ कानाकडे. टेबलावरचा कॉम्प्युटरचा मोठा स्क्रीन मागे ढकलला. खर्च म्हणजे पिंजाऱ्याचे पैसे आणि आईची बोलणी. अंड्याचे ट्रे मात्र लावू नका, ते इतके पातळ असतात की वरचं थोडं खातात आणि तुमचा चिखल आहे तिथेच राहतो, वर उंदीर.

कूलर

आता अस्सल नागपुरी कारण. माझे मार्चपासून जूनपर्यंतचे सगळे मिक्स मिडने जड आहेत, डिसेंबरचे नाहीत. फोल्डर तारखेने लावून ऐकलं तेव्हा लक्षात आलं. खिडकीत लोखंडी कूलर, नव्या ताट्या, पंखा फुल, वर पाण्याची मोटर. फोनच्या मीटरवर खुर्चीपाशी साठीच्या वर. आणि तो आवाज खालून मिडपर्यंत पसरलेला असतो, म्हणजे खालचे आवाज वरच्यांना झाकतात ते जे वर लिहिलं, तेच कूलर अख्ख्या गाण्याला करून राहिला. लो-मिड ऐकू येत नाहीत म्हणून मी ते वाढवतो. शिवाय कूलरवर मात करायला मॉनिटरचाच आवाज वाढवतो, आणि मोठ्याने ऐकलं की कानाला बेस आणि वरचं टोक भरलेलं वाटतं. फ्लेचर आणि मन्सनने १९३३ मध्येच हे वक्र काढून ठेवलेत. मग बेस पुरेसा आहे असं समजून मी तो वाढवत नाही. सकाळी फोनवर बारीक आवाजात लावलं की बेस आपोआप खाली जातो आणि उघडे पडतात फक्त मिड. दोन्ही चुका एकाच दिशेने.

गरमीने ध्वनीचा वेगही वाढतो, ४५ अंशांना ३५८ मीटरपर्यंत, म्हणजे खोलीतले ते खड्डे चार टक्के वर सरकतात. हे मी मोठ्या उत्साहाने मोजलं आणि मग लक्षात आलं की २१४ चा २२३ झाल्याने कोणाचं काही बिघडत नाही. दोष कूलरचाच.

बंद तर करता येत नाही, नवतपात (उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस) वरच्या मजल्यावर कूलर बंद करून बसणारा माणूस मिक्स करायला उरणार नाही. मी कामाची वाटणी केली. साउंड डिझाइन, नोट्स, अरेंजमेंट, ऑटोमेशन हे सगळं कूलर चालू ठेवून. बॅलन्स आणि इक्यू फक्त कूलर बंद करून, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत, आणि ते पहाटे पाच ते साडेसहा, कारण रात्री उशिरापर्यंत स्लॅब आग ओकत असतो, पहाटेच काय तो थंड होतो. कान पण तेव्हा ताजे. मॉनिटरचा आवाज ७५ डीबीच्या आसपास ठेवून नॉबवर स्केचपेनने खूण केली आहे, ती हलवायची नाही. (८५ डीबी आठ तास, ८८ चार तास, दर ३ डीबीला वेळ अर्धी, हे कानासाठीचं गणित डोक्यात ठेवा, कान बदलून मिळत नाहीत.) उघड्या कपांचे हेडफोन कूलरसमोर काही कामाचे नाहीत, बंद कपांचे चालतात पण त्यांवर मिक्सचा शेवटचा निर्णय घेऊ नका.

मग उरलेला इक्यू

एवढं झाल्यावर इक्यूला फार काम उरत नाही. एक सवय मात्र सोडा: बारीक क्यू (इक्यूचा अगदी अरुंद पट्टा), १२ डीबी बूस्ट, आणि इकडून तिकडे फिरवत 'वाईट' फ्रिक्वेन्सी शोधायची. तसा फिरवला तर प्रत्येकच जागा वाईट वाटते, आणि मग चाळणी होईपर्यंत भोकं पाडतो आपण. त्यापेक्षा आधी डोळे मिटून ठरवा की डबा आहे, नाक आहे की चिखल, मग त्या पट्ट्यात क्यू १ च्या आसपास ठेवून २-३ डीबी कमी करा, आणि चालू-बंद करून सारख्या आवाजात तुलना करा. फोनवर रेकॉर्ड केलेल्या पेटीत ५०० ला डबा होता, ३ डीबी काढल्यावर लाकूड ऐकू यायला लागलं. खंजिरीला २५० वर हाय-पास (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर). पण प्रत्येक ट्रॅकला हाय-पास लावत सुटू नका, मी एकदा लावला होता, गाणं कागदासारखं झालं.

पॅड आणि चॉप अजूनही टक्कर घेत असतील तर डायनॅमिक इक्यू (गरज पडेल तेव्हाच कापणारा). टीडीआर नोव्हा फुकट आहे. पॅडवर टाका, १ ते ३ के चा पट्टा, चॉपच्या सिग्नलने चालवा, चॉप आला की पॅड त्या पट्ट्यात फक्त २-३ डीबी खाली. रिलीज (परत वर यायचा वेळ) पाव मात्रेइतका, १२४ बीपीएमला १२१ मिलिसेकंद, म्हणजे हलताना जाणवत नाही. रिव्हर्बच्या रिटर्नवर (घुमाऱ्याच्या चॅनलवर) ४०० च्या खालचं काढा, चिखलाचा निम्मा साठा तिथे असतो आणि सोलो करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बेस फोनवर ऐकू येत नसेल तर त्याला जोर लावू नका, थोडं सॅचुरेशन (हलकं फाडून हार्मोनिक वाढवणं) द्या, वरचे हार्मोनिक फोनवर बेसचं काम करतात.

तुलनेसाठी तुमच्या आवडीचा रिलीज झालेला ट्रॅक घ्या, पण आधी तो तुमच्या लेव्हलला आणा, मास्टर झालेला ट्रॅक सहा-सात डीबी मोठा असतो आणि मोठा तो चांगलाच वाटतो. व्हॉक्सेंगो स्पॅन लावा हवं तर, मिडमध्ये कुठे डोंगर आहे ते दाखवतो, फक्त रेषा सपाट करायच्या नादी लागू नका. आणि लाइट जाऊन इन्व्हर्टरवर आलात आणि स्पीकरमध्ये बारीक 'झँऽऽ' सुरू झालं तर मिक्सला शिव्या देऊ नका, जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरचा तो आवाज १५०, २५०, ३५० करत मिडमध्येच येतो. लाइट यायची वाट पाहा, तोपर्यंत चहा.

या सगळ्यानंतरचा एक्स्पोर्ट गाडीत लावला, फोनवर लावला, पोह्याच्या ठेल्यावर तर्री सांडता सांडता वाचवत ब्लूटूथवर लावला, गोडाऊनमध्ये पण लावला. चॉपचे शब्द सगळीकडे कळताहेत, 'होंऽऽ' गेला. मग काकांना ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकला, मान डोलावली, खंजिरी आली तेव्हा बोटंही हलली, आणि शेवटी म्हणाले, "छान झालं, पण माझी पेटी कुठाय यात?"

आहे ना काका. पहाटे १ डीबी वाढवली.